उसाच्या मोळीतले साडू

हरणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण हरण्याआधी इतकी जय्यत तयारी करणारा माणूस आमच्या थोरल्या साडूंशिवाय दुसरा झाला नाही, आणि परळी तालुक्यात तर पुन्हा होणारही नाही. गावच्या सोसायटीत ते सचिव होते. सहकार त्यांच्या अंगात इतका मुरला होता की घरात आमटी करायची की पिठलं, हेसुद्धा ते ठराव मांडून ठरवत. ताटावर बसून ते विचारायचे, "सूचक मी. अनुमोदक कोण?" आणि माझी थोरली मेहुणी, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती चुलीपासून न उठता सांगायची, "पिठलं झालंय. सभा संपली." मग साडू तांब्या हातात धरून उभे राहत आणि उपस्थितांचे आभार मानत. एकदा न्हाणीत साप निघाला. पकडणाऱ्यानं तो पोत्यात घालून नेला, तेव्हा साडूंनी त्याच्याबरोबर सापाचेही आभार मानले, कारण त्यानं शेवटपर्यंत शांतता राखली होती.

थंडीशी मात्र त्यांचं जन्माचं वाकडं. दिवाळीनंतर डोक्यावर चढलेली माकडटोपी होळीलाच उतरायची. दुष्काळ पडला तेव्हा सगळा गाव हवालदिल झाला, पण साडूंची एक सोय झाली. पाणी वाचवण्याच्या नावाखाली त्यांना आंघोळ टाळता येऊ लागली आणि हा त्याग ते चारचौघांत खालच्या आवाजात सांगू लागले. असा माणूस भोगीच्या गारठ्यात सोंग घेऊन डांबरी रस्त्यावर पळायचा, हे मी स्वतः पाहिलं नसतं तर माझाही विश्वास बसला नसता.

झालं होतं असं की पाऊस सालोसाल दगा देत होता. ऊसच नसल्यानं सहकारी कारखान्याचं धुराडं गार पडलं होतं. रिकाम्या बसलेल्या कामगारांपैकी कुणीतरी सोंगांच्या शर्यतीची टूम काढली. भोगीच्या सकाळी कारखान्याच्या फाटकापासून धर्मापुरीच्या जुन्या देवळापर्यंत पळायचं. नियम एकच, सोंगासकट पोचायचं. वाटेत मिशी गळाली तर चालेल, पण सोंगच गेलं तर माणूस बाद. बक्षीस होतं पाण्याचा टँकर, भरलेला, जिंकणाऱ्याच्या गल्लीत आणून उभा करायचा.

पहिल्या वर्षी साडू ढग झाले. अंगभर कापूस चिकटवून ते फाटकातून असे निघाले की पोरीबाळींनी टाळ्या वाजवल्या. वाटेत एका म्हातारीनं हात जोडून त्यांना अडवलं. "बाबा, इतका खाली आलाच हायेस तर आमच्या वावरात पड की." साडूंना नाही म्हणवेना. शिवार कुठलं, विहीर किती खोल, याची चौकशी करून ते तिला धीर देत बसले. तोवर यमराज, दोन वाघ आणि नवरीच्या वेषातला एक पैलवान देवळात पोचून गुळाचा चहा प्यायले. पुढच्या वर्षी ते परळीच्या थर्मल वीजकेंद्राची चिमणी झाले. पत्र्याच्या नळकांड्यातून त्यांना फक्त वरचं आभाळ दिसत होतं. त्यामुळे वळणावर न वळता ते सरळ एका तुरीच्या रानात शिरले आणि बराच वेळ तिथंच पळत राहिले. दोन्ही वर्षी नंबर शेवटचा. दोन्ही वर्षी टँकर पैलवानाच्या गल्लीत.

तिसऱ्या वर्षी मात्र गंमत थोडी आटली होती. साडूंच्या गल्लीतली विहीर तळाला गेली होती. बायका लांबून पाणी आणत होत्या. अक्कानं मला संक्रांतीला बोलावलं होतं, मी बीडहून भोगीच्या आदल्या दिवशीच आलो होतो. रात्री जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "गल्लीतल्या समद्या बाया तुमच्या तोंडाकडं बघायलेत. आवंदा कुणाशी बोलत बसू नका. नुसतं पळा." साडूंनी ठराव वगैरे काही मांडला नाही. "पळतो," एवढंच म्हणाले.

सकाळी पाहतो तर गृहस्थ उसाची मोळी होऊन उभे. एका पाहुण्याच्या बोअरला जरा पाणी होतं, त्याच्याकडून त्यांनी हिरवागार ऊस आणला होता. छातीपाठीला कांड्या सुतळीनं बांधलेल्या, डोक्यावर वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा तुरा, आणि खाली थंडीनं लटपटणारे दोन बारीक पाय. मी म्हटलं, "साडूभाऊ, ऊसच कावून?"

"कारखान्यानं लई दिवसांत ऊस बघितला न्हाई," ते म्हणाले. "म्हटलं, जरा दाखवून यावा."

फाटकावरच्या वॉचमननं त्यांना खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "सायेब, वजनकाट्यावर घेऊ का?"

शर्यत सुटली. साडूंची माकडटोपी खिशात घालून मी सायकलवर मागं. नेहमीप्रमाणे ते शेवटी होते, आणि राहिलेही असते. पण रस्त्याच्या कडेला जनावरांची चारा छावणी होती. तिथं रोज उजाडताच उसाची गाडी यायची. सणामुळं त्या दिवशी गाडीला उशीर झाला होता. शेकडो उपाशी जनावरं रस्त्याकडं तोंड करून उभी होती, आणि नेमका तेवढ्यात ऊस स्वतःच्या पायांनी चालत आला.

पहिली एक म्हैस निघाली. मग सगळीच. साडूंनी मागं वळून पाहिलं आणि त्यानंतर जे पळाले, तसं पळताना मी माणूस पाहिला नाही. यमराज म्हैस बघून आपणहून बाजूला झाला. वाघ चिंचेच्या झाडावर चढले. नवरीनं पदर खोचून जोर लावला, पण साडू तिलाही मागं टाकून गेले. छावणीची माणसं ओरडत धावली, त्यांनी जनावरं वळवली, आणि रस्ता मोकळा झाला तेव्हा पुढं एकटे साडू होते. देऊळ समोर दिसत होतं. गल्लीतल्या बायका तिथं येऊन थांबल्या होत्या, त्यांत अक्काही होती.

सगळी जनावरं वळली, पण एक म्हातारी गाय तेवढी राहिली होती. बरगड्या वर आलेल्या, पाय ओढत येणारी. ती पळत नव्हती, नुसती चालत होती. साडू दम घ्यायला क्षणभर वाकले, तेवढ्यात तिनं मागून येऊन वाढ्याला तोंड लावलं.

"पळा साडूभाऊ," मी ओरडलो. ते हलले नाहीत. पैलवान नवरी धापा टाकत आली, तीही थबकली. "पळा की मामा, मी थांबतो," पैलवान म्हणाला. साडूंनी त्याला हातानंच पुढं जायला सांगितलं. मग त्यांनी स्वतः गाठी सोडल्या आणि मोळी तिच्यापुढं पसरली.

देवळात ते बनियनवर, कुडकुडत पोचले. पंचांनी त्यांना बाद केलं. गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी उचलून गेल्या. घरी आल्यावर अक्कानं त्यांच्या अंगावर उसाच्या पात्यांनी उठलेले ओरखडे पाहिले आणि खोबरेल चोळायला बसली. चोळता चोळता तिनं विचारलं, "किती खाल्लं तिनं?"

"समदं."

"पोट भरलं आसंल?"

"भरलं आसंल."

पुढच्या साली पाऊस पडला, कारखान्याचं धुराडं पुन्हा पेटलं, आणि शर्यतीची आठवण कुणालाच राहिली नाही. परवा थंडीत गेलो होतो. साडू ओट्यावर उन्हाला बसले होते, गुडघ्यांवर घोंगडी. बोलता बोलता मी म्हटलं, देऊळ एवढं समोर होतं, तुम्ही थांबलात कशाला?

त्यांनी गुडघ्यांवरची घोंगडी सारखी केली.

"थांबलो कुठं ओ," ते म्हणाले. "तिनं तोंड लावलं. मग पायच उचलंना."