सासूबाईंबरोबर पायी वॉशिंग्टन

सासूबाईंना नागपूरला परत जायला चार-पाच दिवस उरले होते, तेव्हा त्यांनी एक मागणी केली. आमच्याकडे आल्यापासून सहा महिन्यांतली पहिलीच. शुक्रवारी संध्याकाळी गवार निवडता निवडता म्हणाल्या, "मला वॉशिंग्टन पाहायचं आहे. पण गाडीतून नको. पायी."

मी लॅपटॉपमधून मान वर केली. वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनला राहायला आल्यापासून बारा वर्षांत मी आठ-नऊ पाहुण्यांना वॉशिंग्टन दाखवलं होतं. त्याचा माझा एक ठरलेला कार्यक्रम होता. सकाळी गाडीत बसवायचं, व्हाइट हाउसच्या आसपास एक चक्कर मारायची, दोन ठिकाणी उतरून फोटो, एखादं म्युझियम, आणि चारच्या आत हायवेवर परत. पाहुणे खूश, मी मोकळा. पायी कोणालाच दाखवलं नव्हतं, कारण पायी मी स्वतःच कधी पाहिलं नव्हतं.

"आई, खूप चालावं लागेल. ऊन पण आहे."

"मी वॉर्डात तीस वर्षं चाललेच आहे नं," त्या म्हणाल्या आणि गवारीकडे वळल्या.

त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, शेवटची काही वर्षं वॉर्डाच्या इन्चार्ज. आता वय एकोणसत्तर. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून त्या एकट्याच राहतात. आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण त्या आणि मी असे दोघंच कधी दिवसभर एकत्र नव्हतो. त्या मला 'तुम्ही' म्हणत, मी त्यांना 'आई' म्हणे, आणि आमचं बोलणं जेवण, थंडी आणि नातीचा अभ्यास याच्या पलीकडे सहसा जात नसे. त्या शनिवारी बायकोची ऑफिसची ऑन-कॉल ड्यूटी होती आणि मुलगी मैत्रिणीच्या घरी जाणार होती. त्यामुळे माझी सुटका नव्हती.

खरं सांगायचं तर मला फक्त झोपायचं होतं. फेब्रुवारीत आमच्या टीममधली निम्मी माणसं कमी केली होती आणि त्यांचं काम उरलेल्यांवर येऊन पडलं होतं. व्हिसावरचा माणूस अशा वेळी नाही म्हणत नाही. मीही म्हटलं नाही. चार तास झोप, सकाळी कॉफी, दुपारी कॉफी, आणि कोणी विचारलं तर "ऑल गुड". ग्रीन कार्डच्या रांगेत आमचा नंबर कधी लागेल हे विचारणं बायकोनं आणि मी केव्हाच सोडून दिलं होतं.

सकाळी नऊला आम्ही मेट्रोत बसलो. सासूबाईंनी फिकट निळी साडी नेसली होती आणि खाली लेकीचे जुने स्पोर्ट्स शूज घातले होते. पर्समध्ये धपाटे, पाण्याच्या दोन बाटल्या आणि साखर-मिठाची एक पुडी. एवढं कशाला, असं मी मनात म्हटलं. मी स्वतः फक्त कॉफी पिऊन निघालो होतो.

स्मिथसोनियन स्टेशनच्या सरकत्या जिन्यानं वर आलो आणि समोर मॉल उघडला. मॉल म्हणजे दुकानांचा नव्हे, तर मधोमध गवताचा लांबलचक पट्टा, दोन्ही बाजूंना खडीचे रस्ते आणि म्युझियमच्या भल्यामोठ्या इमारती. एका टोकाला संसदेचा पांढरा घुमट, दुसऱ्या टोकाला वॉशिंग्टन स्मारकाचा तो उंच दगडी सुळका. मे महिना संपत आला होता. गवत पायांनी तुडवून पिवळं पडलं होतं आणि खडीवरून ऊन डोळ्यांत येत होतं.

सासूबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "इथे लोक कुठे राहतात?"

"इथे कोणी राहत नाही. ही सगळी सरकारी जागा."

"म्हणजे वाळत घातलेले कपडे नाहीत, भाजीवाला नाही, शाळा सुटलेली पोरं नाहीत. राजधानी अशी असते होय?"

आम्ही आधी घुमटाकडे गेलो. जवळ दिसत होता, पण चालायला लागल्यावर पुढे पुढे सरकतोय असं वाटत होतं. त्या एका लयीत चालत होत्या, ना हळू ना भराभर. मी मात्र पहिल्या पंधरा मिनिटांतच टाच दुखतेय म्हणून पाय तिरका टाकायला लागलो होतो. घुमटासमोर फोटो काढला. त्या फोटोत हसल्या नाहीत, कारण त्या फोटोत कधीच हसत नाहीत.

परत फिरताना मी सुचवलं, "आई, म्युझियममध्ये जाऊ या. आत एसी आहे."

"बंद जागेत काय पाहायचं? सहा महिने बंद घरातच तर होते."

त्यांनी हे अगदी साधेपणानं म्हटलं, तक्रार म्हणून नाही. पण मला ते लागलं. बायको आणि मी सकाळी आपापल्या मीटिंगमध्ये शिरायचो, मुलगी शाळेत. संध्याकाळी आजीनं मराठीत काही विचारलं की ती इंग्रजीत एका शब्दाचं उत्तर देऊन वर निघून जायची. दिवसभर त्या घरात खिडकीतून दिसणारी माणसं म्हणजे कुत्रा फिरवणारे शेजारी.

सुळक्याच्या टेकाडावर चढलो, उतरलो, कारंज्यांच्या युद्धस्मारकाशी थांबलो. तिथे म्हातारी माणसं व्हीलचेअरवर बसून पाण्याकडे बघत होती. सासूबाईंनी धपाटा पुढे केला. मी नको म्हटलं, मळमळल्यासारखं वाटत होतं. फोनवर ऑफिसचे मेसेज येत होते. एकाला उत्तर देता देता मी लांब तलावाच्या कडेनं चालत होतो, आणि तलावाच्या शेवटी, जुन्या राष्ट्राध्यक्षाच्या भल्यामोठ्या पुतळ्याच्या पायऱ्यांच्या अलीकडे, मला पाणी आणि आकाश एकाच रंगाचं दिसायला लागलं. कानात गुणगुण सुरू झाली. "आई," एवढं मी म्हटल्याचं आठवतं.

पुढचं आठवतं ते म्हणजे मी झाडाखाली गवतावर आडवा होतो आणि माझे पाय त्यांच्या पर्सवर उंच ठेवले होते. तिथली राखण करणारी एक टोपीवाली पार्क रेंजर वाकून विचारत होती की अ‍ॅम्ब्युलन्स बोलवू का.

"नो. वेट. टू मिनिट. आय अ‍ॅम नर्स," सासूबाई म्हणाल्या.

तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. आमच्या घरात त्या पोळी हवी का हेसुद्धा दबकत विचारायच्या. या आवाजापुढे ती रेंजर दोन पावलं मागे सरली. सासूबाईंची बोटं माझ्या मनगटावर होती आणि डोळे घड्याळावर. मग त्यांनी माझ्या बुटांच्या लेस सोडल्या, बूट काढले, घामानं ओले झालेले मोजे ओढून काढले. मी पाय मागे घेऊ लागलो. लग्नात सासऱ्यांनी ताटात माझे पाय धुतले होते आणि त्या पाणी घालत होत्या, तेव्हाही मला असंच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"राहू द्या आई, प्लीज."

"पडून राहा. पाय हलवू नका."

साखर-मिठाचं पाणी त्यांनी मला थोडं थोडं पाजलं. दहा मिनिटांनी रेंजरला हातानं 'जा आता' अशी खूण केली. तीही मुकाट्यानं गेली. मला बाकावर बसवून त्या शेजारी बसल्या आणि एकामागून एक प्रश्न सुरू झाले.

"सकाळी काय खाल्लं?"

"कॉफी."

"झोप किती?"

"चार तास. कधी तीन."

"कधीपासून?"

"फेब्रुवारी."

"छातीत दुखतं? तहान फार लागते? रात्री लघवीला किती वेळा उठता?"

सासूबाई जावयाला हे विचारतात यात काही वावगं आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. मीही सगळं खरं सांगितलं. तीनदा उठतो. तहान लागते. आणि मग न विचारलेलंही सांगत गेलो. टीममधली माणसं कशी एका सकाळी नाहीशी झाली, दर सोमवारी मेल उघडायच्या आधी मी पाठवणाऱ्याचं नाव कसं दोनदा वाचतो, नोकरी गेली तर व्हिसामुळे दोन महिन्यांत हे घर, मुलीची शाळा, सगळं आवरावं लागेल, आणि यातलं मी बायकोला काहीच बोललेलो नाही, कारण तीही तेवढीच दमलेली आहे.

माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"कसं?"

"पाहून राहिले नं मी सहा महिने. जो पेशंट 'काही नाही, बरा आहे' म्हणतो, त्याचं बीपी मी आधी घ्यायची." मग म्हणाल्या, "मला तर तिसऱ्याच महिन्यात घरी जायचं होतं. कंटाळले होते बापा. पण तुम्ही दोघं असे दिवसभर त्या स्क्रीनपुढे वाळून चाललेले. जाववेना."

इतके महिने मला वाटत होतं की त्यांची सोय आम्ही बघतोय. त्यांचं तिकीट पुढे ढकललं तेव्हा मी बायकोजवळ थोडा कुरकुरलोही होतो. त्या बाकावर मला त्याची लाज वाटली, आणि ते त्यांना सांगण्याचं धैर्य झालं नाही.

तासभर आम्ही तिथेच बसलो. मी अर्धा धपाटा खाल्ला. मग त्या उठल्या. "तुम्ही बसा. मी तेवढा तो पुतळा पाहून येते."

बाकावरून मी बघत होतो. त्या मोठ्या पांढऱ्या पायऱ्यांवर शाळेच्या सहलीतली मुलं धावत होती आणि त्यांच्यातून एक निळी साडी सावकाश वर चालली होती. मधे एकदा थांबली, कठड्याला हात लावला, पुन्हा निघाली. वर खांबांमध्ये दिसेनाशी झाली. बऱ्याच वेळानं परत आल्या.

"कसा वाटला?"

"मोठा आहे. पण दमलेला दिसतो हो. खुर्चीत नुसता बसून आहे."

टॅक्सीनं आम्ही जवळच्या मेट्रो स्टेशनवर गेलो. गाडीत जागा मिळाली. मी बसलो तेवढं आठवतं.

जाग आली तेव्हा डबा रिकामा होता आणि दारं उघडी. माझं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. बाहेर अ‍ॅशबर्नची पाटी दिसली, म्हणजे लाइनचं शेवटचं स्टेशन. हर्नडन चार स्टेशनं मागे राहिलं होतं.

"आई, आपलं स्टेशन गेलं!"

"हो, पाहिलं मी जाताना."

"मग उठवलं काहून नाही?" त्यांच्याकडून ऐकलेला तो शब्द माझ्याही तोंडून निघाला.

"तुम्ही झोपले होते," त्या म्हणाल्या. जणू त्यापलीकडे कारण लागतच नाही.

आम्ही प्लॅटफॉर्मवर उतरलो. आजूबाजूला पार्किंग आणि खिडक्या नसलेल्या डेटा सेंटरच्या इमारती. वारा सुटला होता. परतीच्या गाडीला बारा मिनिटं होती. बायकोचा फोन आला, मी म्हटलं, सगळं छान झालं. सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि लेकीला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, चार तास झोपेसकट. पलीकडे बायको रडतेय असं मला वाटलं.

सोमवारी मी डॉक्टरांकडे गेलो. शुगर वाढलेली होती, बीपीही. गोळ्या सुरू झाल्या. बुधवारी आम्ही सासूबाईंना डलेस विमानतळावर सोडायला गेलो. मी त्यांच्यासाठी व्हीलचेअर बुक केली होती आणि आता ती कॅन्सल करू म्हटलं, एवढं चालणारी बाई कशाला बसेल.

"बसते बापा," त्या म्हणाल्या. "चालायचं काही नाही, त्या काउंटरवर इंग्रजी बोलायचा कंटाळा येतो."

मुलगी त्यांच्या गळ्यात पडली आणि मराठीत म्हणाली, "आजी, परत ये." त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, मग माझ्याकडे बघून बोट उगारलं आणि गेल्या.

काम अजून तेवढंच आहे. ग्रीन कार्डचा नंबर अजून लागलेला नाही. रविवारी सकाळी नागपूरहून फोन येतो तेव्हा त्या हवामान विचारत नाहीत. आधी आठवड्याची शुगर विचारतात, मग झोप. मी एखादा तास वाढवून सांगतो. त्या "बरं" म्हणतात आणि फोन लेकीला द्यायला लावतात.