नोव्हेंबरची मुदत

ऑक्टोबरअखेर इथल्या आयरिश हॅलोविनच्या फटाक्यांचा धूर हवेत रेंगाळू लागला की मला २०२० साल आठवतं. आम्ही तेव्हा ॲडम्सटाउनला राहत होतो. मुलीने अमेरिकेतल्या एका कॉलेजला ‘अर्ली डिसिजन’चा अर्ज केला होता, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, असा शब्द आधीच द्यायचा. आर्थिक मदतीचे कागद मी पाठवायचे होते. मुदत फेब्रुवारीपर्यंत आहे, असं मी धरून चाललो होतो. ती नेहमीच्या अर्जदारांसाठी होती. आमची, अर्ली डिसिजनवाल्यांची, नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच संपली होती. डिसेंबरात प्रवेशाचं पत्र आलं, पण मदत किती मिळणार हे त्यात नव्हतं. ते कळण्याआधीच होकार कळवायचा होता, आणि मदतीशिवाय तिथला खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. पैशांचं कारण असेल तरच दिलेला शब्द मागे घेता येत होता. बाहेर बारीक पाऊस होता, रेडिएटरवर मोजे वाळत होते. “चूक माझी आहे गं,” मी म्हणालो. “इट्स ग्रँड, बाबा,” ती इथल्या लोकांसारखं, ‘असू दे’ अशा अर्थाने म्हणाली आणि नकाराची ईमेल लिहायला बसली. पाठवण्याआधी तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तिने इंग्रजीत लिहिलं होतं, ‘मदतीचे कागद आम्ही वेळेत पाठवू शकलो नाही.’ पुढे ती इथेच, गॉलवेला शिकली, आता नोकरी करते. तिने तेव्हा ‘बाबांनी’ असं लिहिलं असतं, तर मला कदाचित सोपं गेलं असतं.