फॅमिली ग्रुपवर मनातलं लिहिलं आणि नाना दारावर आले

मला पप्पांना एवढंच सांगायचं होतं की मी स्पर्धा परीक्षा सोडतेय आणि धुळ्याजवळ नरडाण्याच्या एका कंपनीत, लॅबमध्ये, नोकरी धरतेय. पण सांगणार कसं? मी जळगावला रूमवर, पप्पा मुक्ताईनगरकडे केळीत. फोन केला की "जेवली का व?" आणि लगेच फोन मम्मीकडे. विषय संपला!

तेव्हा मी ते 'सोशल मीडियावर खरं बोला, मोकळे व्हा' टाईपचे व्हिडिओ फार बघायची. म्हटलं, फॅमिली ग्रुपवरच लिहू. तिथे गुलाबाची फुलं आणि केळीचे भाव असतात, त्यात माझं मन. एवढं लांब लिहिलं की खाली 'पुढे वाचा' आलं. सिरियस वाटावं म्हणून डीपी पण काळा केला. काय डोकं माझं!

पहिले आले मावशीचे जोडलेले हात. मला वाटलं, वा, समजून घेतलं! मग मामाचे हात. मग कोणीतरी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं आणि एकाचं बघून सगळ्यांनी तेच. 'पुढे वाचा' कोणी दाबलंच नव्हतं. मी लिहिलं, 'अहो, कोणी गेलं नाहीये!' ते हातांच्या ढिगात गेलं वाहून.

आमच्याकडे मयत झालं की फोन करून विचारत नाहीत, थेट दारावर जातात, आणि त्या घरी जेवत नाहीत. मम्मीचे काका, धुळ्याचे नाना, दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघाले आणि दुपारी आमच्या घरी, टॉवेल तोंडाला लावून. ओट्यावर पप्पा बसलेले, म्हणजे गेले ते पप्पा नाहीत. मम्मी पाणी घेऊन आली, म्हणजे मम्मी पण नाही. मग नानांनी रडायलाच सुरुवात केली, "पोर गई वं माय, पोर!"

पप्पांचा फोन आला.

"कुठं आहे व तू?"

"रूमवर. का?"

"चांगली आहे ना?"

"हो. काय झालं पप्पा?"

"काही नाही. तुह्या नानाने मारलं तुले."

मागून नाना, "मी कोठे मारं? मोबाईलमा लिखेल व्हतं!"

पप्पा-मम्मींनी कालपासून ग्रुप उघडलाच नव्हता. फोन चालूच ठेवून पप्पांनी नानांना तो मेसेज वाचायला लावला. मी एवढं सजवून लिहिलेलं, आणि नाना चष्मा लावून अक्षर जुळवतायत, "मा-झी घु-स-म-ट… हाई काय शे?" मम्मी म्हणे, "पुढं वाचा, नाना." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाचून झालं.

"तुले आवडते का ते काम?" पप्पा. फोन मम्मीकडे गेलाच नाही!

टाईप मी झरझर करते, पण तोंडातून 'हो' निघेना. शेवटी निघालं. "परीक्षेचं पुस्तक उघडलं की रडू येतं, पप्पा."

"मंग हे मले सांगायले नानाले धुळ्याहून यावं लागलं?"

"तुम्ही फोन लगेच मम्मीला देता."

"तू अभ्यासात रायते. म्हटलं, आपण कायले मधी बोला…"

आणि मला वाटायचं, त्यांना बोलायचंच नसतं.

"जाय नरडाण्याले," पप्पा म्हणाले. "नानाकडे राय."

"राहू दे, राहू दे," मागून नाना. "पन आते मले ताट वाढा. दारावर येल मानूस जेवस नही. आठे ते कोनी मरेलच नही शे!"