सहादाती रिव्हॉल्वर

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ होईल, अक्षरही साखर उचलल्यावर पांगलेल्या मुंग्यांसारखं आहे. जो कोणी वाचील त्याने सांभाळून घ्यावं. पण आमच्या दाजींसारखा माणूस उभ्या जालना जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी डोळे मिटून सांगते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. हसनाबादेत आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांचा धंदा बैलांच्या दलालीचा. सगळा जन्म बैलबाजारात गेल्यामुळे त्यांना जगात जिकडेतिकडे बैलच दिसतो. विहिरीची मोटार आणली तेव्हा तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अंगानं बरी हाय, पण तापट वाटून राह्यली." भाचीसाठी मुलगा पाहायला गेले, तर त्या बिचाऱ्याला अंगणात दोनदा चालवून आणलं. मुलगा इंजिनियर होता. "पाय टाकतो बराबर," एवढं म्हणून त्यांनी सुपारी फोडली.

अशा माणसाला रिव्हॉल्वर घ्यायची होती. बाजाराची रोकड घेऊन येताना एकदा दोघांनी त्यांची मोटारसायकल अडवली. पैसे वाचले, पण दाजींच्या मनाने घेतलं. कचेरीचे उंबरे झिजवून त्यांनी परवाना काढला. अक्काने एकदाच सांगितलं, "ते या घरात आलं की मी घनसावंगीला भावाकडं निघाले. मंग तुमी अन् बैलं मिळून भाकऱ्या थापा." अक्का एक गोष्ट दोनदा बोलत नाही, हे दाजींना ठाऊक होतं. तरी त्यांनी हत्यार रोज जवळ बाळगायचा सराव आधीच सुरू केला. तराजूचं अर्ध्या किलोचं माप फडक्यात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे. त्या वजनाने एक खांदा खाली गेला. एकदा बैलाचा खूर पाहायला वाकले, तर खिसा फाटून माप अंगठ्यावर पडलं. लंगडत घरी आले आणि म्हणाले, "खिसा डबल शिवावा लागंल. बाकी बेत बिलकुल पक्का."

दुकानात जायच्या दिवशी अक्काने मला बरोबर पाठवलं, त्यांना आवरायला. मी आवरणार! मला तर कंडक्टरकडे सुट्टे मागायची लाज वाटते. उलट वाटेत दाजींनीच हळूच विचारलं, "बाई, इसाराला पाच हजार हायेत का? घरचा पैसा तिच्या पेटीत." माझ्याजवळ शेळ्यांचे पैसे होते. नाही म्हणता आलं नाही.

दुकानदाराने परवाना पाहून एक छोटी, काळी, रिकामी रिव्हॉल्वर गादीवर ठेवली. दाजींनी आधी तिच्याभोवती मान फिरवली. मग नळीत असं डोकावले, जसं दातांवरून वय ठरवायला बैलाच्या तोंडात डोकावतात. गोळ्यांची चकरी उघडून घरं मोजली. "सहा. सहादाती. म्हंजे जवान हाय." एकदम तिच्या कानाशी टाळी वाजवली. मी दचकले, दुकानदार दचकला. "बुजत न्हाई," दाजी समाधानाने म्हणाले. "आठ दिवस घरी नेऊन पाहतो. खोड न्हाई निघाली तर मंग पैसे."

"काका, ही बंदूक आहे. असं देता येत नाही."

"बरं, मंग भाव बोला." आणि दाजींनी खांद्यावरचा रुमाल दुकानदाराच्या हातावर टाकून खाली आपला हात घातला. आमच्या बाजारात भाव असाच होतो: रुमालाखाली बोटं दाबायची, बाजूच्याला आकडा कळू द्यायचा नाही. शहरातल्या त्या माणसाने हात असा ओढला की पेनांचा डबा सांडला. "फिक्स रेट आहे, काका!" दाजींनी नाराजीने इसार दिला आणि रिव्हॉल्वर तिथेच ठेवून आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का बंडी धुवायला काढत होती. खिशातलं माप तिच्या हाताला लागलं. उघडून पाहिलं, तरी तिने ते हात लांबवून अंगापासून दूरच धरलं. दाजी ओसरीवरून बघत होते.

"मापाला भेतीस व्हय?"

"आज माप हाय," अक्का म्हणाली. भांडली नाही. माप तराजूजवळ ठेवलं आणि आत जाऊन लुगडी आवरायला लागली.

दाजी बराच वेळ अंगठा चोळत बसले. मग मला हाक मारून म्हणाले, "ती बुजली. मी जल्मभर जनावरं पाहिली, मला ते उमजतं. ती गेल्यावर मी राखू काय, खुंटे?"

त्याच दिवशी आम्ही पुन्हा दुकानात गेलो. सौदा मोडणाऱ्याचा इसार बुडतो, हा बाजाराचा कायदा. म्हणून दाजी पैसे परत घेईनात. दुकानदार म्हणाला, "काका, पैसे घेऊन जा. पण पुन्हा रुमाल टाकू नका."

आता दाजींचा सौदा फोनवर चुकता होतो. आकडा फोनच मोठ्याने ओरडतो, साऱ्या बाजाराला कळतो. रुमालाखाली हात घालणारे चारदोन म्हातारे उरलेत, त्यात एक दाजी. अक्का घरीच आहे, आणि तिला शेळ्यांच्या पैशाचं अजून ठाऊक नाही.

त्या दिवशी दुकानातून परत आलो, तेव्हा अक्का दारातच उभी होती. तिच्यासमोर दाजींनी सहज माझ्या हातावर रुमाल टाकला. खाली नोटांची घडी ठेवली आणि माझी पाचही बोटं एकदम दाबली. म्हणजे पाच हजार, पुरते.