लिलावातल्या गाईचा पाय

परवा आमच्या अबुधाबीतल्या, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरात दूध उतू गेलं आणि त्या करपट वासासरशी मी थेट नव्वदच्या दशकातल्या एका गुरांच्या लिलावात जाऊन पडलो.

तेव्हा मी अबुधाबीबाहेरच्या एका डेअरीवर कामाला होतो. आमचा मालक, म्हणजे अरबाब, मला गाय पारखायला घेऊन गेला होता. समोर विमानातून आणलेली काळी-पांढरी गाय उभी. उंचीला आमच्या सांगलीच्या एसटीएवढी. खोटं वाटत असेल तर एसटी मोजून या.

आमच्या गावाकडं पिळून बघितल्याशिवाय गाय घेत नाहीत. मी ऐटीत म्हणालो, "अरबाब, मैं हाथ से दूध निकाल के देखेगा."

"सब के सामने लात मारा, मेरा इज्जत गया, तो कल का इंडिया का टिकट. तू खलास!" अरबाबनं दम भरला.

उकिडवा बसून मी सडाला हात लावला आणि माझी चूक लक्षात आली. या बाईला जन्मात फक्त मशीन ठाऊक! तिनं मागचा पाय उचलला. परातीएवढा खूर माझ्या कानाशी थांबला आणि माझी नोकरी त्याच्याखाली.

"बाई गं, मारू नकोस," मी पुटपुटलो.

तेव्हा ती मला राक्षसीण वाटली. आज आठवतं, तिची कातडी माझ्या हातांपेक्षा जास्त थरथरत होती.

पाय हळूहळू खाली आला, तो माझ्याच पायाच्या बोटांवर. ओरडलो असतो तर ती बिथरली असती. म्हणून डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू ठेवून मी धार काढत राहिलो.

"शाबास, हबीबी!" अरबाब म्हणाला. "गाय को तू पसंद आया."