खालची हद्द

बायकोच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "पट्टी निघेस्तोवर तो मोबाइल ठेवून द्या. माह्याजवळ बसा." दुसऱ्या डोळ्यानं तिला आधीच धड दिसत नाही, आणि अंधाराला ती लहानपणापासून भिते.

मोबाइलमध्ये माझं क्रिप्टो आहे, ते आभासी चलन. निवृत्तीनंतर काही उद्योग हवा म्हणून घेतलं, आणि भाव बघता बघता माझीच मान मोडून आली. म्हणून ऑपरेशनआधी बॉट लावला. आपल्या वतीनं खरेदी-विक्री करणारा हा प्रोग्राम; त्यानं जागावं, आपण जेवावं, झोपावं. पिपरी मेघे गावातल्या घरात पंख्याखाली बसून, चष्मा पुसत पुसत दुपारभर सेटिंग भरली. किती घ्यायचं, कधी विकायचं. शेवटी स्टॉपलॉस: भाव इथवर पडला की तोटा सोसून विकून मोकळं व्हायचं, ती खालची हद्द. तीही भरली. सुटलो एकदाचा, असं मनापासून वाटलं.

पण आम्ही पडलो कापसाची माणसं. आंजी गावच्या शेतातला कापूस पडत्या भावात कधी विकला नाही. घरात भरायचा आणि वाट पाहायची. एका वर्षी पुढची खोली छतापर्यंत भरली होती. होळी होऊन गेली तरी कापसातल्या किड्यांनी सगळं घर अंग खाजवत बसलेलं. भाव काही आला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली गत.

पट्टी बांधून ती घरी आली आणि त्याच दिवशी भाव घसरू लागला. मी तिच्या उशाशी होतो. भाव हद्दीजवळ आला तशी मी हद्द थोडी खाली सरकवली. चहानंतर आणखी. संध्याकाळी तिला भरवताना डाव्या हातानं पुन्हा. बॉट बिचारा विकायला तयार होता, मीच त्याला विकू देत नव्हतो. इतका थकलो होतो की रडू यावं.

"अवो, घास घेऊन काऊन थांबले?"

"काई नाई."

"भाव पडला नं? पुन्हा कापूस घरात भरून राह्यले तुमी."

मी घास तिच्या तोंडाशी नेला.

"इकून टाका आता. गेलं तेवढं गेलं. मले तुमी पाह्यजे."

इतक्या वर्षांच्या संसारात असं ती कधी बोलली नव्हती. मी मोबाइलकडे पाहिलं. भाव किंचित वर आला होता.

"इकलं का?" तिनं विचारलं.

"हो. इकलं."

"बरं झालं," म्हणत ती माझ्या हातासाठी चाचपडू लागली. मी ताट खाली ठेवलं आणि खरकटा उजवा हात तिला दिला. डाव्यात मोबाइल होता.