पांढरी कुठं थांबती ते बघा

आमच्या लातूरच्या पूल क्लबात टेबल एकच अन् रोजची माणसं चार. एक जण खेळून राहतो, तिघं सल्ले देतात, अन् दिवसाला एक तरी किस्सा तयार होतो. खेळ मात्र कुणाचाच सुधारत नाही, एक संतोष सोडला तर.

क्लब आप्पांचा. मोंढ्यातलं दुकान लेकाच्या हवाली करून त्यांनी हे टेबल मांडलं. त्यांचं एकच म्हणणं, "रंगीत बॉल पॉकेटात कुणीबी पाडतंय. काठीनं मारल्यावर पांढरी कुठं थांबती ते बघा." स्वतः आप्पा मात्र फटका मारताना डोळे गच्च मिटून घेतात.

*

कांबळे सर झेडपीच्या शाळेत शिकवतात. पांढरीला मधोमध मारलं की ती जागेवर थांबते, वरच्या अंगाला मारलं की पुढं पळते, खाली मारलं की माघारी येते, हे त्यांनी आम्हाला अर्धा तास समजावलं, भिंतीवर आकृती काढून. मग स्वतः मारलं. पांढरी टेबलावरून उडाली अन् आप्पांच्या खुर्चीखाली गेली. सर वाकून ती शोधत म्हणाले, "तत्त्व बरोबर हाय."

*

एकदा काठीच्या टोकाला लावायचा निळा खडू संपला. सरांनी शाळेतला पांढरा आणला, आम्ही हौसेनं घासला. त्या दिवशी काठी बॉलवरून नुसती घसरून राहिली. मी तर खाली मारायच्या नादात टेबलाचं कापडच फाडलं. आप्पांनी ठिगळ लावलं, अन् आता नवा माणूस आला की आधी माझं ठिगळ दाखवतात.

*

संतोषची पांढरी त्याच्या शब्दाबाहेर नाही. बाकी जगात त्याचं कुणी ऐकत नाही. वय चौतीस, स्वतःचं स्पेअर पार्टचं दुकान, पण सरकारी नोकरी नाही म्हणून सहा ठिकाणांहून नकार. सातवं स्थळ निलंग्याचं. पोरगी फोनवर हाव म्हणाली होती, तेव्हापासून गडी हवेत. फक्त तिच्या वडिलांचा होकार राहिला होता. आम्हालाच लई धाकधूक, खोटं कशाला बोलू.

अन् एका दुपारी ते वडीलच क्लबात हजर. न कळवता चौकशीला आलेले, दुकानाच्या शेजाऱ्यानं सरळ इकडं धाडलेले. संतोष काठी घेऊन उभा. पोरगा रिकामटेकडा, झालं, सातवा नकार पक्का, असं आम्ही धरून चाललो.

पाहुण्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली, टोकाला खडू लावला अन् एक डाव होऊ द्या म्हणाले. खेळले असे की आप्पा बघतच राहिले.

शेवटी टेबलावर काळी अन् पांढरी एवढंच उरलं. पाळी संतोषची. काळी पॉकेटच्या तोंडाशी, पाडली की डाव त्याचा. पण तिच्यासोबत पांढरीही पॉकेटात गेली, तर तो हरणार. सर त्याच्या कानाशी लागले, "सासऱ्याला हरवू नको, बाबा."

संतोषनं मारलं. काळी पडली. पांढरी समोरच्या कडेला लागली, वळली, दुसऱ्या कडेला लागली अन् अगदी सावकाश पलीकडच्या पॉकेटात उतरली. आम्ही तोंडानं अरेरे केलं अन् मनातल्या मनात सुटलो.

पाहुण्यांनी काठी भिंतीला टेकवली. पॉकेटातली पांढरी काढून संतोषच्या हातात ठेवली.

"जावईबापू," ते म्हणाले, "माझ्या पोरीसंगबी असंच हरत जा."